दिवा चालू स्थितीत आढळला

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी महिन्यातून एक फोन येतोच. कधी कुणाची ग्रामपंचायत, कधी हाउसिंग सोसायटी, कधी कुणाच्या भाच्याची शाळा. प्रश्न एकच. "मॅडम, सोलरचे दिवे बसवायचेत. कोणत्या कंपनीचे चांगले?" मी विचारते, कुठे बसवायचेत? समोरचा म्हणतो, रस्त्यावर. अहो, रस्त्यावरचे दिवे रस्त्यावरच बसवणार, माजघरात कोण बसवतं? कुठे म्हणजे कोणत्या गावात, रस्ता कोणत्या दिशेला जातो, खांबाजवळ झाड आहे का, मे महिन्यात तिथे काय अवस्था असते. एवढं विचारलं की समोरचा हळूच म्हणतो, "म्हणजे कंपनीचं नाव नाही सांगणार का?" नाही सांगणार. नाव सांगून झालं असतं तर माझी निम्मी नोकरी खांबाखाली मान वर करून उभं राहण्यात गेली नसती.

मी सरकारी नोकरीतली विजेची अभियंता. बहुतेक नोकरी जळगाव जिल्ह्यात झाली, शेवटची चार वर्षं धुळ्यात. पंप, शाळांची वायरिंग, आरोग्य केंद्रांचे जनरेटर, सगळं केलं. पण शेवटच्या दहा-बारा वर्षांत सोलरचे पथदिवे आले आणि माझं डोकं त्यांनीच खाल्लं.

बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे सोलरचा दिवा पास करायचा की नापास, हे टॉवेल ठरवतो. पहिल्यांदा पाहिलं ते पहूरला. दिवे बसवून झाले होते, समिती तपासणीला आली. वेळ सकाळी साडेअकराची, डोक्यावर रणरणतं ऊन. ठेकेदाराचा माणूस शिडीवर चढला, गळ्यातला टॉवेल काढला आणि पॅनलवर पसरला. दिव्याला वाटलं संध्याकाळ झाली. तो लागला. खाली उभ्या असलेल्यांनी माना डोलावल्या. सरपंचांनी नारळ फोडला. मग भरीत-पुरीचं जेवण झालं आणि जेवणानंतर सह्या.

आता यात चूक काय, असं तुम्ही विचाराल. सांगते. सोलर दिव्यात चारच गोष्टी असतात. वर पॅनल, तो दिवसा उन्हातून वीज करतो. ती साठवायला बॅटरी. उजेड द्यायला एलईडी. आणि कधी साठवायचं, कधी जाळायचं हे ठरवणारं एक छोटं सर्किट. टॉवेल टाकल्यावर दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की सर्किट जागं आहे आणि बॅटरीत थोडा जीव आहे. तो जीव दहा मिनिटांचा आहे की रात्रभराचा, हे टॉवेलला काय कळणार? पाहुण्यांसमोर मुलाने एक पाढा घडाघडा म्हटला म्हणून तो गणितात पास होत नाही.

त्यात आमचं खान्देशचं ऊन. कंपन्यांची माहितीपत्रकं पाहा, सगळे आकडे पंचवीस डिग्रीला मोजलेले. पंचवीस डिग्री जळगावात मे महिन्यात फक्त बँक मॅनेजरच्या केबिनमध्ये असते. बाहेर पंचेचाळीस, आणि पॅनलच्या मागे हात लावला तर कातडी सोलून निघेल. पॅनलला उन्हाची फारशी भीती नाही, तापला की जरा कमी वीज देतो, इतकंच. बॅटरीचं तसं नाही. ती फार तापली की आतलं सर्किट तिला भरणंच बंद करतं, आणि असे दोन-तीन उन्हाळे काढले की ती कायमची दुबळी होते. तरी बाजारात सगळ्यात जास्त खपणारा दिवा कोणता? ऑल-इन-वन. एकाच डब्यात सगळं. वर पॅनल, आणि त्याच्या पाठीला चिकटवलेली बॅटरी. बसवायला सोपा, दिसायला देखणा. चार बोल्ट आवळले की फिटर पुढच्या खांबाला मोकळा.

अशाच दिव्यांची एक मोठी ऑर्डर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांसाठी निघाली. निविदेचा मसुदा मी केला होता. हे मी दडवून ठेवणार नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. वेळ कमी होता. मी विजेच्या तारेवरच्या साध्या पथदिव्यांची जुनी निविदा काढली, 'सौर' हा शब्द जिथे तिथे घातला आणि देखभालीची अट जशीच्या तशी उतरवली: "हमी कालावधीत दिवा चालू स्थितीत असावा. तपासणी कार्यालयीन वेळेत करण्यात येईल." तारेवरच्या दिव्याला हे चालतं. बटण दाबलं, लागला, संपलं. सोलरच्या दिव्याला 'चालू' म्हणजे काय? किती तास चालू? मी लिहिलंच नाही. 'चालू'चा दुसरा अर्थ आपल्या मराठीत काय आहे, तो मला पुढे ठेकेदाराने शिकवला.

त्या दिव्यांतला एक दिवा एका फाट्यावर होता. यावलहून येणारी एसटी तिथे थांबते आणि पुढे निघून जाते. फाट्यापासून आत वस्ती एक-दीड किलोमीटर, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, इतक्या दाट की दिवसासुद्धा आत अंधारलेलं असतं. बिबट्या दिसल्याची बातमी दरवर्षी एकदा तरी येते. मार्चअखेरीला मी तपासणीला गेले. टॉवेल पडला, दिवा लागला. मी सहीसाठी कागद जीपच्या बोनेटवर ठेवला, तेवढ्यात एक माणूस पुढे आला. बारीक अंगाचा, डोक्याला गमछा, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. नाव गुमान. केळीच्या बागेत मजुरी, संध्याकाळी ट्रकमध्ये घड भरायचं काम.

"मॅडम, एक विचारू का? हा दिवा रोज राहीन ना?"

मी म्हटलं, राहील. का बरं?

मग त्याने सांगितलं. त्याची मोठी मुलगी रमिला दहावीला होती. पुढे यावलला सायन्सला जायचं म्हणत होती, नर्स व्हायचं होतं तिला. कॉलेज सुटल्यावरची एसटी फाट्यावर सव्वासातला येते. गुमानला ट्रक भरून सुटायला पावणेआठ. म्हणजे पोरीने अर्धा तास फाट्यावर थांबायचं. "उन्हाळ्यात काही नाही, उजेड राह्यते. हिवाळ्यात अंधार. दिवा असन तं पाठवतो. लोकाइले दिसते, कोन उभं हाय. दिवा नसन तं नाही पाठवत."

मी तेव्हा पन्नाशीची अनुभवी बाई. मार्चअखेरची घाई होती, शिवाय समोरच्या माणसाला बरं वाटेल असं बोलायची माझी जुनी खोड. मी म्हटलं, "भाऊ, बिनधास्त पाठवा. माझी सही आहे यावर."

तो म्हणाला, "मंग तुमच्या सहीवर पाठवतो."

नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात. पहिला हिवाळा दिव्याने नीट काढला. मी त्या बाजूला गेले की मुद्दाम संध्याकाळी परतायची. दोनदा रमिला दिसली, दिव्याखाली दगडावर बसून मांडीवर पुस्तक. उंच, सडपातळ, वेणीला लाल रिबीन. मी जीप थांबवली की उभी राहायची. मी विचारलं, वाचता येतं का एवढ्या उजेडात? म्हणाली, "येतं ना मॅडम. घरी लाइट जाते, इथे जात नाही." खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी जीपमध्ये बसून स्वतःवर भलती खूश होते.

पुढच्या मे महिन्यात तक्रार आली, फाट्यावरचा दिवा लागत नाही. मी गेले. पाहते तर काय, दिव्याला वरून गोणपाट आणि केळीचा वाळलेला पाला गुंडाळून सुतळीने नीट बांधलेला. पॅनल दिसेना. माझा पारा चढला. वस्तीतले लोक जमले तसे मी त्यांना फैलावर घेतलं. ऊन मिळालं नाही तर वीज कुठून होणार? देवाला शाल पांघरल्यासारखं काय हे? कोणी बांधलं?

गुमान म्हणाला, "मी बांधलं."

"अहो, पण का?"

"मॅडम, पानी माराले वरती चढलो, धूळ लय बसेल व्हती. खालून हात लागला तं चटका बसला. चुल्यावरच्या तव्यावानी. म्हटलं हे जळन." मग त्याने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. केळीचा घड उन्हात उघडा पडला तर काळा पडतो, वाया जातो. म्हणून एप्रिल लागला की मजूर घडावर पाला बांधत फिरतात. "पानाले ऊन पायजे, ते मले समजते. घडाले सावली पायजे. पन ह्याच्यात पान आन् घड एकाले एक चिकटेल हाय. मी कोनाले झाकू आन् कोनाले उघडं ठेवू? म्हनून समदंच झाकलं. ज्यानं हे बनवलं ना, त्यानं केळी पाह्यली नसन."

मी पाला काढायला लावला. तासभर ऊन लागू दिलं. शिडी होतीच, मग स्वतः वर चढले आणि तापमान मोजायची बंदूक बॅटरीच्या डब्यावर धरली. आकडा पासष्टच्या पुढे होता, आणि अजून दोनही वाजले नव्हते. माझ्या डिप्लोम्याच्या तीन वर्षांत आणि नोकरीच्या तीस वर्षांत जे कुणी सांगितलं नाही, ते केळीच्या मजुराने एका वाक्यात सांगितलं होतं. आणि वर चढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी मी खालून कधी पाहिलीच नव्हती. पॅनलचं तोंड उत्तरेला होतं. ऑल-इन-वन दिव्याचं हेच दुखणं. उजेड रस्त्यावर पडायला हवा म्हणून डबा रस्त्याच्या बाजूला वळवतात, मग पॅनल जिकडे वळेल तिकडे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा खपून जातं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि पॅनल बसतो सूर्याकडे पाठ करून.

म्हणजे उन्हाळ्यात बॅटरी भाजणार, हिवाळ्यात उपाशी राहणार. मी कागद-पेन घेऊन बसले. ठेकेदाराला पत्र, वरिष्ठांना टिप्पणी, पुन्हा पत्र. बॅटरी वेगळ्या डब्यात काढा, पॅनल दक्षिणेला वळवा. उत्तर आलं नाही, ठेकेदाराचा प्रतिनिधी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्याने माहितीपत्रकातल्या एका ओळीखाली हिरवी रेघ मारून आणली होती: बॅटरी साठ डिग्रीपर्यंत चालते. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात 'साठ डिग्री' म्हणायला लागले. मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. साठ डिग्री होती ती बॅटरी वापरताना. भरताना पंचेचाळीस. आणि बॅटरी भरते कधी? भर दुपारी. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फारच खोलात जाता." मी म्हटलं, मला त्याचाच पगार मिळतो.

पण तो शांत होता, आणि त्याला शांत राहायला कारण होतं. कारण मी लिहिलेलं. "दिवा चालू आहे ना मॅडम? निविदेत तेवढंच आहे."

दुसरा हिवाळा आला. दिवाळीच्या आधी दोन आठवडे रमिलाचा फोन आला, वस्तीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. "मॅडम, दिवा सहाला लागतो आणि सातला जातो." मी विचारलं, एसटी कधी येते? "सव्वासातलाच." पंधरा मिनिटं. मला वाटतं एखाद्याने मुद्दाम छळायचं ठरवलं असतं तरी त्याला इतकं नेमकं जमलं नसतं.

मी 'साठ डिग्री'ला फोन केला. सील तोडून मीच बॅटरी बदलली असती, माझ्याकडे माणूस होता, पण सील तुटलं की त्या वस्तीतल्या सगळ्या दिव्यांची हमी गेली असती. म्हटलं, संध्याकाळी सातला फाट्यावर या, आपण दोघं मिळून पाहू. तो म्हणाला, "मॅडम, तपासणी कार्यालयीन वेळेत आहे." सोलरच्या दिव्याची तपासणी सूर्य असतानाच करायची, असं मीच लिहून दिलं होतं. कपाळ माझं.

तो आला दुपारी बाराला. शिडी लावली. टॉवेल टाकला. दिवा लागला. त्याने तपासणीचा कागद पुढे केला, त्यावर छापील वाक्य: दिवा चालू स्थितीत आढळला, तक्रार निकाली. मी सही करायला नकार दिला. तो तडक आमच्या साहेबांकडे गेला. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना टेबलावर कागद पडलेला सहन होत नसे. त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, दिवा लागला की नाही लागला?"

"लागला साहेब, पण—"

"पण नंतर. लागला ना? मग तेवढंच लिहिलंय त्यात. खोटं आहे का काही?"

खोटं नव्हतं. एक अक्षर खोटं नव्हतं. मी सही केली. नकार देता आला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. फार तर साहेब चार दिवस बोलले नसते. पण पाच वाजत आले होते, मी दमले होते, आणि वाटलं, दिवाळीनंतर पुन्हा पत्र काढू.

गुमानला मी म्हटलं होतं, आठ दिवस द्या. त्याने महिना दिला. त्या महिन्यात तो काम अर्धं टाकून सव्वासातला फाट्यावर यायचा, हे मला नंतर कळलं. मुकादमाने तीनदा ऐकून घेतलं, चौथ्यांदा नाही. दिवाळीची सुट्टी संपली आणि रमिला कॉलेजला गेलीच नाही. बारावीची परीक्षा तीन महिन्यांवर होती.

मी धावले वस्तीवर. वसतिगृहासाठी फोन केले, वर्षाच्या मध्ये जागा नाही म्हणाले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या घरी यावलला ठेवू म्हटलं. गुमानची बायको मान खाली घालून ऐकत होती. ती म्हणाली, "पराया घरी कशी ठेवू बाई?" गुमान मला सोडायला फाट्यापर्यंत आला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्रास नका घेऊ. पोरगी घरी हाय, बरी हाय." सहीचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्यानंतर मी चक्रमच झाले, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. पुढच्या निविदेची बैठक मे महिन्यात होती. मी साहेबांना सांगितलं, बैठक दोन वाजता घ्या. आदल्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर दोन दिवे मांडून ठेवले होते. एक ऑल-इन-वन. दुसरा मी जोडून घेतलेला, पॅनल वर दक्षिणेला, आणि बॅटरीचा डबा त्याच्या खाली हातभर अंतरावर, पॅनलच्याच सावलीत, वारा खेळेल असा. बैठक सुरू झाली, ठेकेदार मंडळी एसीत बसली, आणि मी म्हटलं, "पाच मिनिटं वर येता का सगळे?"

साहेब कुरकुरत आले. गच्चीची फरशी चपलेतून भाजत होती. मी म्हटलं, साहेब, या बॅटरीवर हात ठेवा. त्यांनी सावलीतल्या डब्यावर ठेवला. आता या दुसरीवर. त्यांनी ठेवला आणि झटकन मागे घेतला, हात झाडत राहिले. 'साठ डिग्री' मागे उभा होता. मी त्यालाही म्हटलं, ठेवा ना, साठपर्यंत चालतं म्हणता. त्याने हात खिशात घातले.

त्या दिवशी निविदा बदलली. बॅटरी वेगळी आणि सावलीत. पॅनल दक्षिणेला, रस्ता कुठेही जावो. बॅटरी भरतानाचं तापमान लिहून द्या, वापरतानाचं नको. आणि 'चालू' हा शब्द मी स्वतःच्या हाताने खोडला. त्या जागी लिहिलं: सलग दोन ढगाळ दिवसांनंतरही पहाटे पाच वाजता पूर्ण उजेड हवा, तपासणी त्याच वेळी होईल. ठेकेदारांनी बोंब मारली, पहाटे पाचला कोण जाणार? मी म्हटलं, मी जाईन. एक जण मागून पुटपुटला, "बाईंना झोप नाही का?" नव्हतीच.

हे सगळं वरातीमागून घोडं होतं, हे मला कळत होतं. फाट्यावर नवा दिवा बसायला आणखी दीड वर्ष गेलं. तो बसला आणि माझी धुळ्याला बदली झाली. शिक्षा म्हणून झाली असं काही जण म्हणतात, मी म्हणते नियमाने झाली. धुळ्यात काय वेगळं होतं म्हणा. पिंपळनेरजवळ एका गावात पोहोचले, तर फिटर जीपपाशीच आला. "मॅडम, बठ्ठा दिवा चालू शेतस," म्हणाला, म्हणजे सगळे चालू आहेत, आणि सवयीने गळ्यातला टॉवेल काढून शिडीकडे निघाला. मी म्हटलं, दादा, टॉवेल गळ्यात ठेवा, घाम पुसायला कामी येईल. मी उद्या पहाटे येते. दुसऱ्या दिवशी पाचला त्या गावातले निम्मे दिवे विझलेले होते, आणि तो फिटर माझ्याआधी येऊन तिथे उभा होता. त्यालाही पाहायचं होतं, म्हणाला, आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर गेल्या थंडीत यावलला एका लग्नाला गेले होते. परतताना ड्रायव्हरला म्हटलं, जरा फाट्यावरून घे. दिवस मावळत होता. खांब होता तिथेच, बॅटरीचा डबा सावलीच्या जागी, सील शाबूत. मी खाली उतरले आणि जुन्या सवयीने मान वर करून उभी राहिले. सहाला दिवा लागला, स्वच्छ पांढरा.

तेवढ्यात केळीच्या मजुरांची गाडी थांबली. मागून सात-आठ बाया उतरल्या, डोक्याला फडकी, हात काळे. एक उंच बाई माझ्यापाशी येऊन थांबली. "मॅडम? ओळखलं का?"

मी चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. रमिला. लग्न इथेच, वस्तीतच झालं होतं. एक मुलगा आहे, आजीजवळ ठेवून येते. गुमानभाऊ कसे आहेत विचारलं, बरे आहेत म्हणाली, कंबर धरते हल्ली. ती दिव्याकडे पाहत म्हणाली, "हा दिवा चांगला आहे मॅडम. जात नाही."

मी विचारलं, "सकाळपर्यंत राहतो?" अजूनही मला तेच विचारायचं सुचलं, काय म्हणावं.

"हो ना. बागेत जायची आमची गाडी पाचला येते. आम्ही बाया इथेच उभ्या असतो. तेव्हा पण असाच असतो, फुल."

पहाटे पाचला पूर्ण उजेड, ही अट मी ज्या पोरीसाठी भांडून घातली होती, ती पाळली जाते आहे हे तीच मला सांगत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "येते मॅडम, पोरगं वाट पाहत असेल," आणि बाकीच्या बायांना गाठायला भरभर निघून गेली.